हातातली पुस्तकं कमी केली आणि ती वेळेत जाऊ लागली

मी मुद्रितशोधन करते. पुस्तकांची प्रुफं वाचायची, चुका दाखवायच्या आणि दुरुस्त्या पुढच्या प्रुफात लागल्यात का ते बघायचं. बरीच वर्षं माझ्या टेबलावर एकाच वेळी आठ-दहा पुस्तकं उघडी असायची. ज्याचा फोन येईल त्याची वीस पानं वाचायची, मग दुसऱ्याची. सगळ्यांना "चालू आहे" म्हणता यायचं, आणि ते खरंही होतं. पण हातावेगळं काहीच होत नव्हतं.

मग एकदा कागदावर मांडून बघितलं. तीन पुस्तकं, प्रत्येकाला दोन दिवस. एकेक संपवलं तर ती दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या दिवशी जातात. रोज एकाला हात लावत फिरलं तर चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशी. तिसऱ्याला काहीच फरक पडत नाही, पहिल्या दोघांना मात्र विनाकारण थांबावं लागतं. सगळ्यांना थोडं थोडं देणं म्हणजे न्याय, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

तुम्हीही आधी हातातल्या कामांची यादी करा. आठवड्याला सरासरी किती कामं खरोखर पूर्ण होतात, तेही लिहा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. बारा कामं हातात आणि आठवड्याला तीन पूर्ण होत असतील, तर प्रत्येक काम सरासरी चार आठवडे तुमच्याकडे पडून राहतं. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी 1961 साली हा नियम गणिताने सिद्ध केला. वेग तोच ठेवून हातात सहाच कामं घेतली, तर दोन आठवडे.

मी तीनच घेते. एकच का नाही? कारण वाचलेलं प्रूफ लगेच पुन्हा वाचून उपयोग नसतो. डोळा कागदावरचं वाचत नाही, आठवणीतलं वाचतो. सगळ्यात मोठी चूक सगळ्यात मोठ्या अक्षरात सुटते. 'अनुक्रमणिका'चं 'अनुक्रमाणिका' झालेलं माझ्या हातून एकदा तसंच छापायला गेलं. आतल्या पानांवरचे ऱ्हस्व-दीर्घ मी पट्टी लावून तपासले होते, शीर्षकावरून मात्र नजर नुसती घसरली होती. त्यामुळे एक पुस्तक वाचनात, एक रात्रभर बाजूला ठेवलेलं आणि एक दुरुस्तीला गेलेलं, अशी माझी विभागणी आहे. शीर्षकं दुसऱ्या दिवशी सकाळी, वेगळी, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचते.

अवघड असतं ते बाकीच्यांना सांगणं. "चालू आहे" म्हणू नका. "तुमचं पुस्तक सोमवारी हातात घेते, बुधवारी संध्याकाळी देते," असं सांगा. नाराजी होते, पण तारीख पाळली की दुसऱ्यांदा कुणी वाद घालत नाही, हा माझा अनुभव आहे.

दिवसही काठोकाठ भरू नका. कामं अनियमित येत असतील आणि लहानमोठी असतील, तर रांगांच्या गणितातला साधा हिशेब असा: तुमचा 80 टक्के वेळ भरलेला असेल, तर नव्या कामाला एका कामाच्या सरासरी वेळेच्या चौपट थांबावं लागतं. 90 टक्क्यांना नऊपट, 95 टक्क्यांना एकोणीसपट. आठ तासांतला दीड तास मोकळा ठेवायला मला फार जड गेलं, आळस केल्यासारखं वाटायचं. पण लेखकाचा शंकेचा फोन, हरवलेली तळटीप, उलटसुलट लागलेला फर्मा (एका कागदावर एकत्र छापलेल्या पानांचा गट), हे सगळं त्याच दीड तासात मावतं. नाहीतर ते उद्याच्या कामात घुसतं आणि परवाचं मोडतं.

तातडीचं काम आलंच, तर चौथं म्हणून घेऊ नका. तिघांपैकी एक पूर्ण खाली ठेवा. कुठवर आलात ते पान आणि ओळ चिठ्ठीवर लिहून वर लावा, आणि ज्याचं काम खाली ठेवलं त्याला त्याच दिवशी फोन करून नवी तारीख द्या.