पिवळा तारा, पेन्सिलीतली पत्रं: होलोकॉस्टमधून वाचलेल्यांच्या वस्तू घरी कशा जपाव्यात

होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझी जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेल्या ज्यू आजी-आजोबांची एखादी वस्तू हाती आली, तर आधी ती कोरड्या, सावलीतल्या जागी सपाट ठेवा आणि हात आवरा. धुणं, पुसणं, इस्त्री, डिंक, चिकटपट्टी यांतलं काहीही नको. अशा वस्तूंचा घात बहुतेक वेळा मायेने केलेल्या साफसफाईनेच होतो.

पिवळा ताराच घ्या. जर्मनीत १९ सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षं आणि त्यावरच्या ज्यूंना तो ज्यू असल्याची सक्तीची खूण म्हणून कपड्यावर शिवावा लागे. हे तारे कापडावर ओळीने छापलेले असत. ते कापायचे, कडा आत दुमडायच्या आणि शिवायचे. म्हणून दुमडलेली कड, सुईची भोकं, अडकून राहिलेला दोरा हाच तो अंगावर वागवल्याचा पुरावा असतो. टाके उसवू नका, लोंबणारा धागा कापू नका. भोकं नसलेला तारा न वापरलेला असू शकतो किंवा बनावटही. विक्रीला येणाऱ्या ताऱ्यांत नकली पुष्कळ असतात. पाणी लागलं तर छपाईची शाई पसरते, आणि कापडात रेयॉन असेल तर ओलं होताच त्याचा जोर जातो. गंजलेली टाचणी रुतली असेल तर ओढू नका, भोवतीचे तंतू तुटतात. तिच्याखाली पॉलिस्टर फिल्मचा तुकडा सरकवून ठेवा.

गुंडाळायला कोरा मांजरपाट उत्तम. खळ पूर्ण निघेपर्यंत तो गरम पाण्यात दोन-तीनदा धुवा. नीळ, ब्लीच, सॉफ्टनर वापरू नका. खडखडीत वाळला की त्यात तारा सपाट ठेवून आम्लरहित पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. कोट किंवा नाझींच्या छळछावणीतला कैद्यांचा पट्ट्यापट्ट्यांचा सदरा असेल, तर प्रत्येक घडीत याच कापडाची वळकटी घाला, नाहीतर घडीवरच कापड फाटतं.

पत्रांना जास्त जपावं लागतं. युद्धकाळातला बराच कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यामुळे तो पिवळा पडून कडक होतो. घडी उघडताना चरचर ऐकू आली की थांबा. मजकूर कॉपिंग पेन्सिलीत असेल तर तो साध्या शिसपेन्सिलीसारखा करडा दिसतो, पण ओलावा लागताच जांभळा होऊन पसरतो. दमट बोटही पुरेसं असतं. साध्या पेन्सिलीतलं पत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालू नका, स्थिर विजेने शिशाची भुकटी उचलली जाते. आम्लरहित कागदाची घडी बरी. लॅमिनेशन म्हणजे पत्राचा शेवटच. पाकिटं, सेन्सॉरचे शिक्के, रेड क्रॉसचे २५ शब्दांचे निरोप, सगळं पत्राबरोबरच ठेवा. स्कॅन सपाट काचेवर, ६०० डीपीआयला आणि कोऱ्या पाठीसकट करा.

१९३०च्या दशकात मध्य युरोपातले काही ज्यू मुंबईत आश्रयाला आले. असे कागद मुंबईत असतील तर खरा शत्रू पावसाळा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा: खोक्यात छोटा आर्द्रतामापक, कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी, आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून लांब. डांबराच्या गोळ्या नकोत. कडुलिंबाचा पाला, वेखंडही नको, डाग पडतात. लोकरी कपड्याला कसर लागली तर पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर कपड्यावर दव जमतं. फोटोंना हा उपाय करू नका. छावणीतला वाडगा, चमचा यांना पॉलिश नको. टोचून काढलेलं नाव त्यातच झिजतं. सुटकेसवरचं खडूचं नाव तर ब्रशनेही जातं.

वस्तूइतकीच तिची नोंद महत्त्वाची. माणूस हयात असेल तर त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड करा. 'वस्तूवर वाचलं' आणि 'त्यांनी सांगितलं' हे रकाने वेगळे ठेवा. १ जानेवारी १९३९ पासून जर्मन राजवटीने बहुतेक ज्यू स्त्रियांच्या नावात 'सारा' आणि पुरुषांच्या नावात 'इस्राएल' सक्तीने घातलं. नोंदीत ते 'लादलेलं नाव' म्हणूनच लिहा, आणि आईबापांनी ठेवलेलं नाव आधी.

जेरुसलेमचं याद वाशेम हे होलोकॉस्टचं स्मारक आणि वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट स्मृती संग्रहालय अशा वस्तू दान म्हणून स्वीकारतात. संच फोडू नका. तारा एकीकडे आणि पत्रं दुसरीकडे गेली तर दोन्ही मुकी होतात. भारतातून पाठवायचं असेल तर १९७२चा पुरावशेष कायदा लक्षात घ्या: ७५ वर्षांहून जुने, ऐतिहासिक मोलाचे कागद त्यात येऊ शकतात. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेखी विचारणा करा. उत्तर येईपर्यंत संग्रहालयाला फक्त स्कॅन आणि नोंदी पाठवा, मूळ पत्रं खोक्यातच राहू द्या.