सभासदांच्या टेबलचे कॉलम बदलण्याआधी

म्हापशाच्या पतसंस्थेच्या पोस्टग्रेस डेटाबेसमधलं सभासदांचं टेबल रविवारी रात्री बदलायचं. शुक्रवार बाजाराचा, त्या दिवशी काउंटर मोकळा नसतो. म्हणून त्याच्या आसपास या कामाला हात लावायचा नाही.

सगळ्यात जास्त वेळ सर्व्हे नंबरला ठेवावा. कुणीतरी हा कॉलम फ्लोट (दशांश संख्या) केला आणि तिरक्या रेघेच्या जागी टिंब भरलं. त्यामुळे ११२/१ आणि ११२/१० दोन्ही ११२.१ झाले. आता कॉलमचा प्रकार टेक्स्ट (मजकूर) केला तरी हरवलेलं शून्य परत येत नाही. अशा नोंदी वेगळ्या काढून गोव्यातल्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याशी एकेक ताडून पाहाव्यात. शेतकऱ्याच्या जमिनीचा प्रश्न आहे, अंदाजाने भरू नये. फोनचंही तेच: बिगइंट (पूर्णांक) प्रकारात ०८३२ या गोव्याच्या एसटीडी कोडमधलं पहिलं शून्य गेलेलं आहे. पण मोबाइल नंबरही ८ ने सुरू होतात, म्हणून ८३२ दिसलं की डोळे मिटून शून्य चिकटवायचं नाही.

नावाच्या कॉलमची लांबी कमी करायचा मोह टाळावा. 'लक्ष्मी' वाचताना दोन अक्षरं, पण पोस्टग्रेस ती सात मोजतं. वारचार (ठरावीक लांबीपर्यंतचा मजकूर) आखूड केला आणि कमांडच्या यूझिंग भागात कास्ट, म्हणजे प्रकार बदलायची स्पष्ट सूचना, लिहिला, तर जास्तीचा भाग एरर न देता कापला जातो. कास्ट न लिहिता चालवलं तर निदान एरर येऊन काम थांबतं.

फोनला नॉट नल (किंमत असलीच पाहिजे ही अट) लावण्याआधी नल, म्हणजे काहीच न भरलेल्या नोंदी, किती आणि रिकाम्या स्ट्रिंग किती, हे वेगवेगळं मोजावं. रिकामी स्ट्रिंग नॉट नलला चालते, म्हणून तिच्यासाठी चेक (तपासणीची अट) वेगळा हवा. टेबल मोठं असेल तर 'फोन नल नाही' हा चेक आधी नॉट व्हॅलिड (जुन्या नोंदी न तपासता) म्हणून घालावा, मग व्हॅलिडेट करावा (जुन्या नोंदी तपासाव्यात), आणि शेवटी नॉट नल. आवृत्ती १२ पासून असा चेक असला की पोस्टग्रेस पूर्ण टेबल पुन्हा वाचत नाही.

बिगइंटचा टेक्स्ट करताना सगळं टेबल नव्याने लिहिलं जातं, इंडेक्सही (शोधाच्या सूची) नव्याने बांधले जातात. तेवढी मोकळी जागा डिस्कवर आहे का, ते आदल्या दिवशी बघावं. हे लिहिणं चालू असेपर्यंत त्या टेबलवर साधं सिलेक्टसुद्धा (वाचनाची क्वेरी) चालत नाही. कुणाचा लांबलेला रिपोर्ट आधीच चालू असेल, तर ऑल्टर (टेबल बदलायची कमांड) त्याच्यामागे थांबतं आणि नंतरच्या सगळ्या क्वेरी ऑल्टरच्या मागे अडकतात. म्हणून लॉक टाइमआउट (टेबलचा ताबा मिळायची वाट पाहण्याची मर्यादा) पाच सेकंद लावावा. नाही जमलं तर थोड्या वेळाने पुन्हा.

या कॉलमवर व्ह्यू (साठवलेल्या क्वेरी) असतील तर पोस्टग्रेस प्रकार बदलूच देत नाही. त्यांच्या व्याख्या फाइलमध्ये ठेवाव्यात, व्ह्यू काढावेत, काम झालं की परत बांधावेत आणि त्यांच्यावरच्या परवानग्याही पुन्हा द्याव्यात. व्ह्यू काढण्यापासून ते परत बांधण्यापर्यंतचं सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एक तर पूर्ण होतं, नाही तर काहीच नाही) घ्यावं. पावसात वीज मध्येच गेली तरी टेबल जुन्या रूपात शाबूत राहतं.

बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नाही. शनिवारीच तो दुसऱ्या मशीनवर उतरवून हीच कमांड तिथे चालवावी आणि लागलेला वेळ वहीत लिहून ठेवावा. रविवारी बदल झाल्यावर अ‍ॅनालाइझ (आकडेवारी गोळा करणारी कमांड) चालवायचं, कारण प्रकार बदललेल्या कॉलमची जुनी आकडेवारी उरत नाही. मग सोमवारी काउंटर उघडायच्या आधी दहा सभासदांची पानं स्वतः उघडून पाहावीत. त्यात ११२/१० वाला एक तरी हवा.