गाडीचा ईसीएम बदलताय? आधी या चुका टाळा

सेल्फ फिरतो, गाडी काही चालू होत नाही. गाडीतले दोष वाचणारा स्कॅनर लावला तर तोही बोलत नाही. मग कोणीतरी मान हलवतं आणि सांगतं, "ईसीएम गेला." ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करताना हे वाक्य मी सतत ऐकतो. खरं सांगायचं तर "ईसीएम गेलाय" म्हणून माझ्याकडे आलेल्या बऱ्याच गाड्यांचा ईसीएम ठणठणीत निघालाय. लहान गाडीतही नव्या ईसीएमचं बिल पाच आकडी येतं, आणि इलेक्ट्रिक पार्ट कोणी परत घेत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

स्कॅनर बोलत नाही म्हणजे ईसीएम मेला, असं धरू नका

मागे राधानगरीकडचे एक काका डिझेल गाडी टोचन करून घेऊन आले होते. "दुसरीकडे ईसीएम सांगितलाय. टाकायचा का?"

"थांबा काका, आधी अर्थ बघूया."

अर्थ म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडीला जोडलेली वायर. बॅटरीच्या ट्रेखालचा अर्थचा बोल्ट काढला तर खालचा लग, म्हणजे वायरच्या टोकाची कडी, हिरवी पडून पार भुगा झालेली. घासून नवीन लग मारला, गाडी पहिल्या सेल्फला चालू. ईसीएमला हात लावायची वेळच आली नाही.

त्यामुळे क्रम असा ठेवा. पहिल्यांदा बॅटरी. गाडी उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. त्याखाली गेली की कित्येक ईसीएम सेल्फच्या वेळी झोपतात आणि लोक दोष ईसीएमला देतात. मग चावी ऑन करून मीटरमधला चेक इंजिनचा दिवा बघा. दिवा लागला तर बहुतेक गाड्यांत ईसीएम जागा आहे असं समजायला हरकत नाही. लागलाच नाही तर मेन रिले, फ्यूज आणि ईसीएमच्या कपलरवर (वायरी जोडायच्या प्लगवर) येणारा करंट तपासा.

इथे सगळ्यात मोठी चूक होते ती नुसत्या मल्टिमीटरवर विश्वास ठेवण्याची. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट ओढतच नाही. ईसीएमचा कपलर काढा आणि वायरिंगच्या बाजूला, करंटच्या आणि अर्थच्या पिनमध्ये, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. लख्ख पेटला तर वायर चांगली. मंद पेटला तर दोष वायरिंगमध्येच आहे. फक्त जाड सुई पिनमध्ये घुसवू नका. पिन फाकते आणि नसलेला दोष तुम्ही तयार करता.

स्कॅनरच्या सॉकेटचंही तसंच. १६ नंबरच्या पिनला करंट आणि ४, ५ ला अर्थ असेल तरच स्कॅनर बोलणार. कॅनच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी थेट सॉकेटला येत असतील तर बॅटरी काढून ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा. ६० च्या जवळ आले तर लाइन ठीक. १२० आले तर एका बाजूची लाइन तुटलीय. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकीला चिकटल्यात. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडतात, तेव्हा हा दोष हमखास सापडतो.

पाच व्होल्टची लाइन विसरू नका

ही गोष्ट माहीत नसल्यामुळे चांगले ईसीएम भंगारात जातात. सेन्सरना ईसीएम स्वतः ५ व्होल्ट पुरवतो आणि एकाच लाइनवर बऱ्याचदा तीन-चार सेन्सर असतात. त्यातला एक जरी आतून शॉर्ट झाला तरी अख्खी लाइन बसते. काही गाड्यांत मग चेक इंजिनचा दिवाही लागत नाही आणि स्कॅनरही बोलत नाही. दिसायला अगदी मेलेला ईसीएम! अशा वेळी चावी ऑन ठेवून एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. एसीच्या गॅसचा प्रेशर सेन्सर, मॅप सेन्सर, रेल प्रेशर सेन्सर. ज्याचा कपलर काढल्यावर दिवा परत आला, तोच चोर. एवढ्याला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं न देता कोणाला हजारोंचा खर्च सांगणं मला पटत नाही.

ईसीएम खरंच गेलाय? मग तो कशानं गेला ते शोधा

ईसीएम आपणहून क्वचितच मरतो. एका पेट्रोल गाडीला नवीन ईसीएम बसवला, तो दोन दिवसांत गेला. कारण इग्निशन कॉइल आतून शॉर्ट होती. आधीचा ईसीएम तिनंच खाल्ला होता, नवीनही तिनंच खाल्ला. म्हणून नवीन डबा (ईसीएम) लावण्याआधी कॉइल, इंजेक्टर आणि सोलेनॉइड सगळ्यांचे ओहम मोजा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांचे इंजेक्टर १२ ते १६ ओहमच्या दरम्यान असतात. एखादाच दोन-तीन ओहम दाखवत असेल तर तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. अल्टरनेटर १५ व्होल्टच्या वर चार्ज करत असेल तर तोही आधी दुरुस्त करा.

काही ईसीएम आपल्या सवयींनी मरतात. अल्टरनेटर चालतो का हे बघायला चालू गाडीचा बॅटरीचा टर्मिनल काढायची जुनी पद्धत अजून गेलेली नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीला ते खपत होतं. आताच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीएम जळू शकतो. गळीत हंगामात रस्त्यात गाडी बंद पडली की पटकन उसाच्या ट्रकवरून जंपर घेतात. ट्रकला दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट असतात. केबल एकाच बॅटरीवर लावली नाही तर तुमच्या १२ व्होल्टच्या गाडीत २४ जातात. बंपरला किंवा सायलेन्सरला वेल्डिंग करतानाही बॅटरी आणि ईसीएमचे कपलर काढून ठेवायला हवेत.

महापुरातल्या गाड्या

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शाहूपुरी, नागाळा पार्कात काय झालं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सखल भागात राहत असाल तर ३९ च्या बातमीलाच गाडी उंचावर न्या. गाडी बुडालीच, तर पाणी ओसरल्यावर चावी फिरवू नका. ओल्या पिनांत करंट गेला की तांबं झपाट्यानं गंजतं. आधी निगेटिव्ह टर्मिनल काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा.

पाणी ईसीएमपर्यंत पोचलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. वायरच्या आवरणाच्या आतून पाणी वर चढत कपलरपर्यंत जातं आणि दोष महिन्या-दोन महिन्यांनी उगवतो. सगळे कपलर उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा, सावलीत वाळवा. हीटगन मारू नका.

जुन्या बाजारातला ईसीएम

डबा सारखा दिसला, कपलर बसला म्हणून घेऊ नका. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. एकाच मॉडेलमध्ये एएमटी (आपोआप पडणाऱ्या गिअरचा) आणि साध्या गिअरचा ईसीएम वेगळा असू शकतो. आणि नंबर जुळला तरी इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा, आडवी येते. आधीच्या गाडीची चावी त्या ईसीएममध्ये बसलेली असते. तुमची चावी तो ओळखत नाही. गाडी चालू होऊन लगेच बंद पडते किंवा चालूच होत नाही. म्हणून जुना ईसीएम कधीही फेकू नका. त्यातली मेमरी वाचता आली तर जाणकार माणूस ती दुसऱ्या डब्यात उतरवून देतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांपैकी कित्येकांना कंपनीच्या सर्व्हरवरूनच कोडिंग लागतं. तिथे घेण्याआधीच विचारून घ्या. विकणाऱ्याकडून बिल मागा. बिल नसलेला ईसीएम चोरीच्या गाडीचाही असू शकतो.

बसवताना

चावी काढा, निगेटिव्ह टर्मिनल काढा, काही मिनिटं थांबा, बॉडीच्या धातूला हात लावून मगच डबा उचला. प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला स्थिर चार्जर लावलेला हवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवा ईसीएम तिथेच बाद होऊ शकतो. कॉमन रेल डिझेलमध्ये इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेले कोड नव्या ईसीएममध्ये भरावे लागतात. ते न भरल्यामुळे गाडी धूर टाकते, ठोकते आणि बिचाऱ्या इंजेक्टरवर आळ येतो. ते कोड इंजेक्टर समोर दिसत असतानाच कागदावर लिहून घ्या.

गाडी चालू झाली की लगेच बिल करत नाही मी. थ्रॉटलचं लर्निंग करतो (नव्या ईसीएमला थ्रॉटलची जागा ओळखायला लावतो), मालकाला शेजारी बसवून पन्हाळ्याचा चढ मारून येतो, इंजिन गरम असतानाच बंद करून पुन्हा सेल्फ मारतो आणि शेवटी परत स्कॅनर लावतो. जुना ईसीएम पिशवीत घालून, वर गाडीचा नंबर लिहून मालकाच्याच हातात देतो.