सातारा म्हणजे कोणता सातारा?

सेट-नेटच्या (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांच्या) तयारीत मॅकिंडरचा हार्टलँड, स्पाइकमनचा रिमलँड, हार्टशोर्नचा कार्यात्मक दृष्टिकोन हे राजकीय भूगोलातले सगळे सिद्धांत तुम्ही घोकलेले असणारच, त्यात वेळ घालवत नाही. परीक्षा त्यावर निघते. प्रबंधाला बसलात की मात्र कळतं, आपल्याला नकाशा वाचता येत नाही. मला हे कळायला दीड वर्ष लागलं.

माझा विषय होता सातारा जिल्ह्यातलं स्थलांतर आणि मतदान. २००४ आणि २००९च्या लोकसभेचे आकडे घेतले आणि मतदारसंघाच्या नावावरून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशाला जोडले. सातारा दोन्हीकडे होताच. टक्केवारीत फरक दिसला, आणि त्यावर मी जावळी-पाटणातून मुंबईला जाणाऱ्या माथाडी कामगारांचा अख्खा डोलारा उभा केला. गाइडनी दोन प्रकरणं न उघडताच सही करून परत दिली. सादरीकरणाच्या दिवशी बाहेरून आलेल्या एका सरांनी एवढंच विचारलं, "आणि कराडचं काय केलंत?"

काहीच केलं नव्हतं. २००४ला कराड हा वेगळा लोकसभा मतदारसंघ होता. २००८ला मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखल्या, त्या पुनर्रचनेत तो संपला. आजच्या साताऱ्यात कराड उत्तर, कराड दक्षिण आणि पाटण आहेत. फलटण आणि माण माढा मतदारसंघात आहेत. म्हणजे रेघ हलली होती आणि मी माणसं हलली असं लिहून बसले होते. कोपरगाव, खेड, इचलकरंजी, राजापूर ही नावंच यादीतून गेली, त्यामुळे तिथे चूक निदान डोळ्यांत खुपते. घात करतात ती टिकून राहिलेली नावं. सॉफ्टवेअर बिचारं 'सातारा'ला 'सातारा' जोडतं आणि एकही एरर देत नाही.

बरं, रेघ कळली म्हणून काम संपत नाही. पुनर्रचनेच्या आदेशात तालुका फुटला असेल तर त्याचे भाग महसूल मंडळांनी, म्हणजे तलाठी सजांच्या गटांनी, सांगितलेले असतात. जनगणना आकडे देते तालुक्याचे आणि गावांचे. मंडळ तिच्या तक्त्यात नसतं. मग कोणतं गाव कोणत्या मंडळात, ही यादी आणायची कुठून? तहसील कचेरीतून. मी तीन वेळा रिकाम्या हातानं परत आले. चौथ्यांदा एका अव्वल कारकुनांनी सजावार गावयादी काढून दिली, वर "मॅडम, हे आधी विचारायचं" हेही ऐकवलं. माझ्या गाइडपेक्षा त्यांनी मला राजकीय भूगोल जास्त शिकवला, असं मी आजही म्हणते.

मतांसाठी फॉर्म २०, म्हणजे निकालाचा अंतिम तक्ता, घ्या. त्यात केंद्रनिहाय मतं असतात. पण नुसता फॉर्म घेऊ नका, त्या वर्षीची मतदान केंद्रांची यादीही घ्या, कारण केंद्रांचे क्रमांक निवडणुकीगणिक बदलतात. केंद्रावरून गाव, गावावरून जुना आणि नवा मतदारसंघ, अशी वरात काढावी लागते. २००४ला देशभर मतदान यंत्रं होती म्हणून हे जमतं. त्याआधी मतपत्रिका मोजणीच्या वेळी मिसळल्या जात, तिथे हा रस्ता बंद आहे.

घाबरू नका. मला हे सगळं चार महिन्यांत जमलं, आणि मला एक्सेलमध्ये धड फिल्टरही लावता येत नव्हता. पण कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरची तयार शेपफाइल (सीमांची डिजिटल नकाशा-फाइल) घेऊन थेट नकाशे छापणार असाल, तर हा विषय सोडा. खरंच सोडा. ती फाइल कोणत्या सालची हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यात पालघर वेगळा दिसतो की ठाण्यातच, एवढं तरी बघा: तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला, म्हणजे २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचे जिल्हे ३५च आहेत.

माझं माथाडींचं प्रकरण शेवटी टिकलं, अर्धं कापून. गावनिहाय पाहिल्यावर पाटणच्या डोंगरी भागात काहीतरी होतं खरं, मी म्हणत होते तेवढं मोठं नाही. आता २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेवर मतदारसंघ पुन्हा आखता येतील. तेव्हा तुमच्या तालुक्याची आजची मंडळवार गावयादी आत्ताच आणून ठेवा, आणि कचेरीत जाताना सोमवार टाळा.