किरकोळ अपघातानंतर नव्या इलेक्ट्रिक गाडीची दुरुस्ती कशी करून घ्यावी

गेल्या पावसाळ्यात गोव्यात म्हार्दोळजवळच्या एका अरुंद रस्त्यावर समोरून प्रवासी बस आली, तिला वाट देण्यासाठी मी आमची जेमतेम चार महिन्यांची इलेक्ट्रिक गाडी डावीकडे घेतली आणि पुढच्या बंपरचा कोपरा चिऱ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, घासला. उतरून पाहिले तेव्हा बंपरवर वीतभर ओरखडा होता आणि त्यात चिऱ्याची तांबडी भुकटी भरलेली होती. बाकी काही दिसत नव्हते. चार दिवसांनी गाडी लिफ्टवर चढली तेव्हा मात्र गडग्याच्या पायाशी पडलेल्या दगडाने बॅटरीखालच्या संरक्षक पत्र्यावरही रेघ ओढलेली आढळली, आणि ती रेघ हाय व्होल्टेजची वीज वाहणाऱ्या नारिंगी रंगाच्या जाड केबलपासून दोन बोटांवर थांबली होती. इलेक्ट्रिक गाडीला बसलेला मार किती मोठा आहे हे वरून ठरवता येत नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी पटली. म्हणून गाडी खालून पाहिल्याशिवाय रंगकामाला हात लावू देऊ नये आणि तपासणीचे आकडे कागदावर आल्याशिवाय ती ताब्यात घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

अपघाताच्या जागी

गाडी थांबताच गियर ‘पार्क’वर टाकावा, हँडब्रेक लावावा, चारही इंडिकेटर चालू करावेत आणि मग गाडी पूर्ण बंद करावी. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे गाडी बंदच आहे असा समज होतो, पण डॅशबोर्डवरचे ‘रेडी’चे चिन्ह उजळलेले असेल तर चुकून पाय पडला तरी ती पुढे सरकते. चिन्ह विझल्याची खात्री करूनच खाली उतरावे आणि किल्ली खिशात ठेवावी.

कोणाला लागले असेल तर इतर सर्व बाजूला ठेवून १०८ किंवा ११२ वर फोन करावा. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे, पोलिसांना खबर देणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे ही चालकाची जबाबदारी आहे; जवळपास पोलीस अधिकारी उपलब्ध नसेल तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यावर जाऊन माहिती द्यावी लागते.

त्यानंतर गाडीच्या चारही बाजूंचे, दोन्ही नंबरप्लेटांचे, रस्त्याचे आणि ज्यावर गाडी आदळली त्या वस्तूचे फोटो काढावेत. गुडघे टेकून गाडीच्या खालचा एक फोटो घ्यायला विसरू नये. समोरचे वाहन भाड्याचे असेल, म्हणजे काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील, तर चालवणाऱ्या पर्यटकाचा परवाना आणि भाड्याने देणाऱ्याचा फोन नंबर दोन्ही लागतात, कारण पर्यटक दोन दिवसांत आपल्या गावी निघून जातो. जागच्या जागी रोख रक्कम घेऊन प्रकरण मिटवण्याची घाई मात्र करू नये. खालची बाजू पाहिलेली नसताना नुकसान किती हे दोघांपैकी कोणालाच माहीत नसते.

गाडी चालवत न्यावी की उचलून

बंपर घासला आहे, डॅशबोर्डवर एकही इशारा नाही, गाडीखाली काही ठिबकत नाही आणि तळाला काही लागल्याचा आवाज आलेला नाही, एवढ्या सगळ्या गोष्टी एकत्र असतील तरच गाडी सावकाश चालवत न्यावी. उंच गतिरोधकावर, खडीच्या ढिगावर किंवा गडग्याच्या दगडावर तळ आपटला असेल, बॅटरीचा किंवा विद्युत यंत्रणेचा इशारा पेटला असेल, किंवा एअरबॅग उघडली असेल, तर ती सपाट पाठीच्या ट्रकवर, चारही चाके जमिनीपासून वर ठेवूनच हलवावी. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत चाके आणि मोटर कायम जोडलेली असतात. चाके रस्त्यावर फिरवत ओढत नेल्यास मोटर वीज निर्माण करू लागते आणि त्यातून यंत्रणेला इजा होते. विमा कंपनीच्या किंवा गाडीच्या रोडसाइड मदतीला फोन करताना गाडी इलेक्ट्रिक आहे आणि सपाट पाठीचाच ट्रक हवा, हे स्पष्ट सांगावे. आपल्याकडे दोरी बांधून ओढायला मदतीचे हात पटकन पुढे येतात. त्यांचे मनापासून आभार मानावेत आणि नम्रपणे नकार द्यावा.

तळाला जोराचा मार बसला असेल तर त्या रात्री गाडी पोर्चमध्ये ठेवू नये आणि चार्जिंगला लावू नये. लिथियम-आयन बॅटरीच्या आतील इजा काही तासांनी, क्वचित काही दिवसांनी तापमानवाढीच्या रूपाने बाहेर येऊ शकते. घरापासून व इतर वाहनांपासून सुमारे १५ मीटर अंतरावर, मोकळ्या जागी गाडी उभी करावी. धूर, फुसफुस आवाज किंवा गोडसर रासायनिक वास आला तर दूर होऊन अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे आणि गाडी इलेक्ट्रिक आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

क्लेम करावा की नाही

ओरखडा पाहून मन अस्वस्थ झालेले असते आणि वर्कशॉपमधील माणूस ‘क्लेम करूया’ असे सहज म्हणतो, त्यामुळे इथे बरेच जण चुकतात. आधी पॉलिसी काढून तीन गोष्टी पाहाव्यात: सक्तीची वजावट (प्रत्येक क्लेममध्ये मालकाने स्वतः भरायची रक्कम) किती, झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता भागांची किंमत देणारे जादा संरक्षण) आहे का आणि ते वर्षातून किती क्लेमना लागू आहे. अनेक पॉलिसींमध्ये ही मर्यादा दोन क्लेमची असते.

झिरो डेप नसेल तर प्लास्टिक, रबर आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा पहिल्या दिवसापासून कापला जातो. धातूच्या भागांना पहिले सहा महिने घसारा नसतो, त्यानंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत ५ टक्के आणि दुसऱ्या वर्षी १० टक्के असतो. काचेला तो लागतच नाही. बंपर प्लास्टिकचा असतो, त्यामुळे गाडी कालच शोरूममधून आणलेली असली तरी बंपरच्या किमतीचा अर्धा भाग मालकाच्या खिशातून जातो. नवी गाडी घेताना झिरो डेप टाळू नये असे मी आग्रहाने सांगतो, त्यामागे हेच कारण आहे.

दुसरी बाजू नो क्लेम बोनसची. क्लेमविना एक वर्ष गेले की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरायच्या हप्त्यात २० टक्के सवलत मिळते आणि पुढे ती २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांपर्यंत वाढते. एक क्लेम झाला की पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून चढाव्या लागतात. हा बोनस थर्ड पार्टी हप्त्याला, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठी भरायच्या हप्त्याला, लागत नाही. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता २५,००० रुपये आहे, दुरुस्तीचे बिल ७,००० आणि वजावट १,००० रुपये आहे. क्लेम केल्यास फार तर ६,००० मिळतील, पण पुढच्या वर्षीची ५,००० रुपयांची सवलत जाईल. हजार रुपयांच्या फायद्यासाठी बोनसची शिडी गमावण्यात अर्थ नाही. हेडलॅम्प, सेन्सर किंवा तळाचा पत्रा बदलायचा असेल तर बिल सहज कितीतरी पट होते आणि तिथे क्लेम करणेच योग्य. जुन्या गाडीवर मिळवलेला बोनस नव्या गाडीवर आणला असेल तर तो गमावण्याची किंमतही हिशेबात धरावी, कारण बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो.

दोन वेगळ्या दिवशी झालेले दोन अपघात एका क्लेममध्ये घालू नयेत. प्रत्येक घटनेचा क्लेम वेगळा आणि वजावटही वेगळी असते. ओरखड्याची दिशा, त्याची उंची आणि त्यात भरलेला रंग सांगितलेल्या घटनेशी जुळत नसल्यास विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरच्या ते लगेच लक्षात येते आणि मग खरा क्लेमही अडकतो.

वर्कशॉप आणि एस्टिमेट

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा या परिसरात डेंटिंग-पेंटिंगची चांगली कामे करणारे कारागीर आहेत आणि साध्या पत्र्याच्या कामात त्यांचा हात अनेकदा मोठ्या वर्कशॉपपेक्षाही सफाईदार असतो. तरीही वॉरंटीतील इलेक्ट्रिक गाडीसाठी कंपनीचे अधिकृत वर्कशॉपच निवडावे. अनेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. अनधिकृत ठिकाणी तळाशी किंवा केबलजवळ काम झाल्याचे निघाल्यास त्या वॉरंटीवर वाद उभा राहतो, आणि गाडीतील सर्वांत महागडा भाग बॅटरीच असतो.

प्रत्येक अधिकृत वर्कशॉपमध्ये हाय व्होल्टेजचे प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ असतोच असे गृहीत धरू नये. गाडी नेण्यापूर्वी फोन करून तसा तंत्रज्ञ तिथे आहे का, बॉडी शॉप त्याच आवारात आहे का आणि विमा कंपनीशी कॅशलेस करार आहे का, हे विचारावे. मग पहिली मागणी गाडी लिफ्टवर घेण्याची करावी आणि खाली स्वतः उभे राहून पाहावे. पत्रा आत दबला आहे का, शीतकाची (बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाची) नळी ओली आहे का, नारिंगी केबलचे आवरण खरवडले आहे का, या तिन्ही गोष्टी सामान्य माणसाच्या डोळ्यांनाही दिसतात. बॅटरीच्या पेटीला खोक पडली असेल तर तिची खोली मोजून कंपनीच्या मर्यादेशी पडताळावी लागते. ‘एवढ्याने काही होत नाही’ हे उत्तर स्वीकारू नये.

सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत काम सुरू करू देऊ नये. बंपर उतरवल्यावर आतले आणखी नुकसान उघड झाले, तर पूरक एस्टिमेट तयार करून सर्व्हेअरला पुन्हा दाखवावे आणि मंजुरी आल्यावरच तो भाग बदलावा. मंजुरीशिवाय बदललेल्या भागाचे पैसे मालकाला भरावे लागतात, आणि हे बिल हातात पडेपर्यंत त्याला कोणी सांगत नाही.

काम चालू असताना

जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर, तीन सूचना लिहून घ्याव्यात. वेल्डिंग किंवा केबलजवळचे काम असेल तर १२ व्होल्टची बॅटरी सोडवून, हाय व्होल्टेज प्रणाली खंडित करून, कंपनीने ठरवलेला वेळ थांबूनच काम करावे. रंग वाळवण्याच्या भट्टीचे तापमान आणि वेळ कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेतील मर्यादेतच असावेत, कारण पत्र्याबरोबर बॅटरीही तापते. गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल तर मुख्य बॅटरी रिकामी सोडू नये आणि १२ व्होल्टची बॅटरी उतरू देऊ नये.

बंपरच्या बाबतीत माझा अनुभव सांगणे भाग आहे. पहिल्या वर्कशॉपने ओरखड्यावर लांबी (पुट्टी) भरली, त्यावर रंगाचे जाड थर दिले आणि गाडी आरशासारखी चकचकीत करून परत दिली. घरी आणल्यावर समोर काहीही नसताना पार्किंगचा सेन्सर सतत वाजू लागला. दुसऱ्या ठिकाणी बंपर उतरवला तेव्हा सेन्सरच्या कडेला साचलेला रंग नखाने निघत होता आणि आतली एक पकड तुटलेली असल्यामुळे सेन्सर थोडा तिरपा बसला होता. ज्या गाड्यांत पुढच्या बंपरमागे रडार असते, तिथे हा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण लांबीचा जाड थर रडारच्या लहरींना अडथळा करतो आणि आपोआप लागणारा ब्रेक चुकीच्या वेळी लागू शकतो किंवा लागायला हवा तेव्हा लागत नाही. अशा भागासमोर लांबी भरू देऊ नये, बंपर बदलून घ्यावा. पुढची काच बदलली असेल तर तिच्यामागच्या कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशनही (अचूक जुळणीही) करून घ्यावे आणि बिलावर ते वेगळे नोंदवून घ्यावे.

ताब्यात घेताना

गाडी दिवसाउजेडी घ्यावी; ट्यूबलाइटखाली रंगातील फरक लपतो. तळाला मार बसलेला असल्यास इन्सुलेशन रेझिस्टन्सचा, म्हणजे हाय व्होल्टेजची वीज गाडीच्या सांगाड्यात झिरपू न देणाऱ्या आवरणाच्या रोधाचा, आकडा मागावा. ढोबळ हिशेब सोपा आहे: दर व्होल्टला ५०० ओहम धरले तर ४०० व्होल्टच्या प्रणालीसाठी किमान २ लाख ओहम होतात, आणि सुस्थितीतल्या गाडीचा आकडा त्याच्या कितीतरी पट असतो. त्यासोबत संगणकीय तपासणीचा अहवाल घ्यावा, ज्यात एकही प्रलंबित दोष नसावा. चार्जिंगचे झाकण उघडून पाहावे, वर्कशॉपच्या चार्जरवर पाच मिनिटे गाडी चार्ज करून पाहावी, आणि मंद वेगात पादचाऱ्यांसाठी येणारा आवाज ऐकू येतो का हे तपासावे. ज्या गाड्यांत त्याचा स्पीकर पुढच्या बंपरमागे असतो, तिथे त्याची जोडणी जोडायची राहून जाऊ शकते.

पावसाळ्यात दुरुस्ती झाली असेल तर कापलेल्या किंवा वेल्ड केलेल्या पत्र्याच्या आतल्या बाजूला गंजरोधक लावले का, हे विचारावे. समुद्राच्या खाऱ्या हवेत उघडा राहिलेला पत्रा पुढच्या पावसाळ्यापर्यंत फुगतो, आणि तोवर दुरुस्तीची हमी संपलेली असू शकते.

विमा कंपनीने क्लेम नाकारला किंवा न पटणारी कपात केली तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नसते आणि वकीलही लागत नाही. त्या वेळी गाडीखाली वाकून काढलेला पहिल्या दिवशीचा फोटो, जॉब कार्ड, दोन्ही एस्टिमेट आणि तपासणीचा अहवाल हे सारे एकाच फाइलमध्ये हाताशी असावे.