भावंडेच मृत्युपत्राचे व्यवस्थापक असतील तर मतभेद कसे सोडवावेत

मृत्युपत्र करताना ‘कोणाला वाईट वाटायला नको’ म्हणून आईवडील पुष्कळदा दोघा-तिघा मुलांना मिळून व्यवस्थापक, म्हणजेच एक्झिक्युटर, नेमतात. हेतू चांगला असतो. पण तेरावे झाले आणि कागद बाहेर निघाले की घर विकायचे की ठेवायचे, दवाखान्याचे बिल कोणी भरले, लॉकरची किल्ली कोणाकडे आहे, असे प्रश्न एकामागून एक निघू लागतात. पुढील क्रम भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ ला धरून सांगितला आहे. गोव्यातील वाचकांनी तो जसाच्या तसा लावू नये, कारण तेथे वारसाहक्काचा वेगळा कायदा आहे आणि मुले असताना साधारणपणे निम्म्याच मालमत्तेचे मृत्युपत्र करता येते.

पहिली पायरी: वाद कोणत्या नात्याने चालला आहे, ते ठरवा

मृताची मालमत्ता ताब्यात घेणे, देणी फेडणे आणि उरलेले मृत्युपत्रात लिहिल्याप्रमाणे वाटणे, एवढेच व्यवस्थापकाचे काम असते. ‘मला कमी मिळाले’ ही वारसाची तक्रार आहे, व्यवस्थापकाची नव्हे. आणि ज्याला मृत्युपत्रच खोटे वाटते, त्याने ते उघडपणे सांगून व्यवस्थापकाच्या कामापासून दूर राहिलेले बरे. प्रत्येकाने आपले आक्षेप एका कागदावर लिहून त्यांपैकी कोणते वारस म्हणून आहेत आणि कोणते व्यवस्थापक म्हणून, अशी खूण करावी. हा उद्योग पोरकट वाटेल, पण निम्मे भांडण येथेच उलगडते. माझ्या पाहण्यातील एका घरी दोन भाऊ आणि एक बहीण ठाण्यातील फ्लॅटच्या किमतीवरून चार महिने वाद घालत होते. आक्षेप कागदावर उतरले तेव्हा खरे दुखणे कळले: आईच्या चार पाटल्या मृत्युपत्रातही नव्हत्या आणि कोणत्याही यादीतही नव्हत्या. तिघेही सराफाकडे गेले, पाटल्या एकेक करून काट्यावर ठेवल्या गेल्या, सराफाने लिहून दिलेल्या वजनाच्या चिठ्ठीमागे तिघांनी सह्या केल्या, आणि पुढच्या रविवारी फ्लॅटची किंमत अर्ध्या तासात ठरली.

दुसरी पायरी: मृत्युपत्र एकत्र बसून वाचा

बहुमताने निर्णय घ्यावा, दोघांच्या सह्या लागतील, मतभेद झाल्यास अमक्याचे ऐकावे, अशी एखादी ओळ मृत्युपत्रात असल्यास तीच चालते. अशी सूचना नसेल तर कलम ३११ लागू होते आणि त्यातील तरतूद अनेकांना ठाऊक नसते: व्यवस्थापक अनेक असले तरी ज्याने मृत्युपत्र न्यायालयात शाबीत केले आहे, असा एकटा व्यवस्थापकही सर्वांचे अधिकार वापरू शकतो. म्हणूनच प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र शाबीत झाल्याच्या न्यायालयीन दाखल्याच्या, अर्जातून कोणीही रागाने बाहेर राहू नये. सर्वांना प्रोबेट एकाच वेळी किंवा वेगवेगळ्या वेळी मिळू शकते. प्रत्यक्षात बँका आणि घराचे खरेदीदार सर्वांच्याच सह्या मागतात, त्यामुळे एकट्याने रेटून नेण्याचा मार्ग कागदावर मोकळा दिसला तरी बहुधा तेथेच अडतो.

तिसरी पायरी: यादी आणि हिशेब

प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची व देण्यांची जिन्नसवार यादी आणि एका वर्षात हिशेब न्यायालयात द्यावा लागतो (कलम ३१७). हे काम सर्वांत जास्त कुरकुर करणाऱ्या भावंडाकडे सोपवावे, असे माझे मत आहे, कारण स्वतःच्या हाताने लिहिलेल्या यादीवर संशय घेणे अवघड असते. कपाट उघडताना किमान दोघे हजर असावेत, छायाचित्रे काढावीत आणि जमाखर्चासाठी एकच बँक खाते व एकच वही ठेवावी.

खर्चावरून भांडण असेल तर क्रम कायद्यानेच लावून दिला आहे. मृताच्या ऐपतीला साजेसा वाजवी अंत्यविधीचा खर्च आणि मृत्यूपूर्वीच्या एका महिन्यातील औषधोपचार व राहण्या-जेवणाचा खर्च इतर सर्व देण्यांच्या आधी फेडायचा असतो (कलम ३२०). ज्याने बिल भरले त्याने पावती दाखवावी आणि रक्कम घ्यावी. त्यासाठी उपकाराची भाषा नको. त्याआधीच्या वर्षभराच्या सेवेचा मोबदला मात्र या कलमात बसत नाही आणि तो विषय वेगळाच ठेवावा.

चौथी पायरी: घराचा प्रश्न

त्या घरात राहणाऱ्या भावंडाला ते स्वतःच विकत घ्यायचे असते, तेव्हा विशेष जपावे लागते. व्यवस्थापकाने मृताची मालमत्ता प्रत्यक्ष किंवा दुसऱ्याच्या नावाने विकत घेतली, तर त्या मालमत्तेत हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती तो व्यवहार रद्द करून मागू शकते (कलम ३१०). म्हणून दोन स्वतंत्र मूल्यांककांकडून किंमत काढावी, ती सर्व लाभार्थ्यांना दाखवावी आणि प्रत्येकाची लेखी संमती घेऊनच पुढे जावे. सोसायटीच्या दप्तरी एकाचे नाव नॉमिनी म्हणून असले, तरी तेवढ्याने तो मालक होत नाही, हेही याच बैठकीत स्पष्ट करून घ्यावे.

पाचवी पायरी: न पटल्यास मध्यस्थ

परदेशातील भावंडाला व्हिडिओ कॉलवर घ्यावे, निर्णय त्याच दिवशी लिहून सर्वांना पाठवावेत आणि ठराविक कामांपुरते मुखत्यारपत्र मागवावे. तरीही गाडे अडले तर मामा-काकांऐवजी ज्याचा या मालमत्तेशी संबंध नाही, असा मध्यस्थ निवडावा. दावा आधीच दाखल असेल तर न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात प्रकरण पाठवण्याची विनंती करता येते. तडजोड झाल्यास, आधी तोंडी ठरलेल्या कौटुंबिक व्यवस्थेची केवळ नोंद असलेल्या कागदाला नोंदणी लागत नाही, परंतु ज्या दस्तानेच स्थावर मालमत्तेतील हक्क निर्माण होतात तो नोंदवावाच लागतो. हा फरक वकिलाकडून मसुदा करतानाच पाहून घ्यावा.

सहावी पायरी: बाजूला होणे किंवा न्यायालय

व्यवस्थापकपद न्यायाधीशांसमोर तोंडी किंवा सही केलेल्या लेखाने सोडता येते. पण रागाच्या भरात सही करण्यापूर्वी कलम १४१ वाचावे: व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या व्यक्तीला मृत्युपत्राने काही दिले असेल, तर मृत्युपत्र शाबीत केल्याशिवाय किंवा व्यवस्थापक म्हणून काम करण्याची इच्छा दाखवल्याशिवाय ते तिला मिळत नाही. पद सोडताना वाटाही गमावण्याचा धोका आहे, म्हणून हा प्रश्न आधी वकिलापुढे ठेवावा.

प्रोबेट मिळाले असेल तर एखाद्या मुद्द्यावर उच्च न्यायालयाकडून निर्देश मागता येतात (कलम ३०२), आणि एखादे भावंड पैसे दडवत असेल किंवा काम अडवून धरत असेल तर त्याला पदावरून दूर करण्याचा अर्जही करता येतो (कलम ३०१). केवळ निर्देश मागणारा अर्ज कोणाच्या वर्तनावर बोट ठेवत नाही, म्हणून शक्य तेथे तोच आधी करावा. अर्जासोबत बैठकींची टिपणे, यादी आणि हिशेबाची वही जोडावी. तिसऱ्या पायरीचे काम टाळलेले असेल, तर न्यायालयापुढे ठेवायला हाती फारसे काही उरत नाही.