सांदवाडीतली आगळी भेदरं : गणपती उठले की बी टाका

गणपती उठले की बी टाकायचं आणि दसऱ्याला रोप लावायचं, हा सांदवाडीतल्या भेदरांचा, म्हणजे परसातल्या टमाटरांचा, आपल्याकडचा सोपा हिशेब. मधले २५-२६ दिवस रोपाला बरोबर पुरतात. यंदा नेहमीच्या लाल टमाटरांसोबत काळं, पिवळं, पट्ट्यापट्ट्यांचं काही लावायचं मनात असेल, तर पाकिटावरचा रंग नंतर बघा, आधी फळ यायला लागणारे दिवस वाचा.

विदर्भात टमाटराला मानवणारे दिवस मोजकेच. थंडीत रात्रीचा पारा १० अंशांपर्यंत उतरला की फळधारणा मंदावते, आणि दुपार ३५ च्या वर गेली की फूल गळतं. 'ब्रँडीवाइन'सारखी मोठ्या फळाची जात लावणीपासून ८०-९० दिवस घेते. तिला उशीर अजिबात चालत नाही. मी एका वर्षी 'ब्लॅक क्रिम'ची रोपं संक्रांतीनंतर लावली. झाडं छातीएवढी झाली, पण फुलोरा आला तो उन्हाच्या तोंडावर. देठाच्या सांध्याशी फुलं पिवळी पडायची आणि सकाळी आळ्यात सडा असायचा. सहा झाडांवर चार फळं मिळाली.

म्हणून पहिल्यांदा लावणाऱ्यांनी चेरी टमाटरापासूनच सुरुवात करावी. फळ लहान, लवकर पिकतं, आणि हवा थोडी बिघडली तरी घोस धरतात. आपल्याकडच्या वाणांत 'पुसा चेरी टोमॅटो-१' आहे. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाच्या चेरी वाणांत लाल, पिवळा 'सोना' आणि नारिंगी 'केसर' असे रंग आहेत. पोरं तर झाडाखालीच खाऊन संपवतात. चटणी-सॉससाठी लांबट 'सॅन मार्झानो' चांगलं, मात्र पाण्याची पाळी चुकली की त्याची बुडं काळी पडतात. पट्ट्यांचं 'ग्रीन झेब्रा' पिकल्यावरही हिरवंच राहतं. पट्ट्यांमधला फिका हिरवा पिवळसर झाला आणि बोटाला फळ किंचित मऊ लागलं की तोडा.

एकेका जातीची दोन-तीन झाडं पुरे. काळ्या जमिनीत गादीवाफा करा, पाणी साचलं की मुळ्या सडतात. चेरीला सहा फुटांचा बांबू लागतो. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा आधार देऊ नका. गुलाबी बोंडअळी त्यांत दडून राहते, त्या घराजवळ नकोतच. बुटक्या जातींना मागच्या साली राखलेल्या तुरीच्या काड्या, म्हणजे तुराट्या, चालतात.

खरी काळजी घ्यायची ती चुरडा-मुरड्याची, म्हणजे पानं आखडणाऱ्या रोगाची. तो पसरवणारी पांढरी माशी कपाशीवर पोसते आणि तिथून थेट आपल्या वाफ्यावर येते. रोप मोठं झाल्यावर फवारणी करण्यापेक्षा बी टाकल्याबरोबर वाफ्यावर ४० मेशची (इंचात ४० भोकांची) नायलॉन जाळी बांधा, कडा मातीत दाबा. मच्छरदाणीच्या भोकांतून ही माशी आत जाते. लावणीनंतर एखाद्या झाडाचे शेंडे आखडून पानं वाटीसारखी वळली, तर ते उपटून दूर गाडून टाका. जीव तुटतो, पण ठेवलं तर बाकीचीही जातात.

आणि एक मनापासून सांगतो. बाहेरची बियाणं मागवताना घरचं भेदरं विसरू नका. कंगोऱ्यांचं, चपटं, जिभेला चरचरीत आंबट असं भेदरं गावात कुणाच्या उकिरड्याकडेला आपोआप उगवलेलं दिसलं, तर मागून घ्या. चुलीत भाजून लसूण-मिरचीसोबत ठेचलं तर त्याची सर दुकानातल्या टमाटराला येत नाही. माझ्या मते आपल्या वाडीतली सगळ्यात आगळी जात हीच आहे.

बी धरायला निरोगी झाडावरचं पूर्ण पिकलेलं फळ घ्या. गर वाटीत पिळून दोन-तीन दिवस सावलीत झाकून ठेवा. वर पांढरट साय धरते, वासही येतो. तेव्हा बियांभोवतीचा बुळबुळीत पापुद्रा सुटलेला असतो. चार पाण्यांनी धुवा, तळाशी बसलेलं बी मातीच्या ताटलीत सावलीत वाळवा. कागदाला ते चिकटून बसतं. संकरित वाणाचं बी मात्र धरू नका, पुढच्या साली झाडं सारखी निघत नाहीत. वाळलेल्या बियांच्या पुडीवर जात आणि साल लिहा आणि चुलीच्या गाळलेल्या राखेत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.